भांडगाववरच्या पाच फेऱ्या

करुणा ओहोळला झेंडूचा वास सोसत नाही. दौंडमध्ये रुळांच्या कडेला वाढलेली मुलगी, नाकाचे चोचले तिला कधी परवडले नाहीत. गटार, डिझेल, उन्हात तापलेली मळी, सगळं तिनं मुकाट्यानं पचवलं. पण गेल्या लग्नसराईपासून कुणी झेंडूची माळ जवळ आणली की ती उठून लांब जाते. दसऱ्याला शेजारणी दाराला तोरण बांधतात तेव्हा ती खिडकी लावून घेते. शेजारणी म्हणतात, इमान चालवती ना, आता कांदे नाकानंच सोलणार.

तिचे वडील ज्ञानदेव मूळचे खुटबावचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात दौंडला लागले आणि तिथंच निवृत्त झाले. आई पार्वतीबाई ब्लाउज शिवायच्या. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन मुलीला नन्सच्या शाळेत घातलं. गणितात ती पक्की होती. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती विमान चालवायला शिकली. परवाना हातात आल्यावर मात्र तीन वर्षं घरी बसावं लागलं, कारण नोकरीच नव्हती. या तीन वर्षांत भावकीतल्या प्रत्येकानं एकच विनोद केला, "काय करुणाताई, इमान कुठं लावलंय? गोठ्यात का?"

शेवटी एका लहान कंपनीत काम मिळालं. कंपनीकडे एका इंजिनाची, नऊ प्रवाशांची तीन विमानं होती. गिऱ्हाईक म्हणजे पुढारी, कारखानदार आणि हौशी लग्नघरं. करुणा उजव्या खुर्चीत बसायची, सहवैमानिक म्हणून. डाव्या खुर्चीसाठीची तिची परीक्षा पुढच्याच महिन्यात ठरली होती. पास झाली की कॅप्टन. त्या खुर्चीपलीकडे तिला दुसरं काही दिसत नव्हतं. आणि त्याच सुमाराला भांडगावचे सावळारामआप्पा आपल्या मुलाचं, स्वराजचं लग्न करायला निघाले.

आप्पा म्हणजे बडं प्रस्थ. सोसायटी त्यांची, पतसंस्था त्यांची, सोलापूर रस्त्याला लागून असलेलं मंगल कार्यालयही त्यांचंच. मुलगी शिरूरची होती, तोलामोलाच्या घरातली. वऱ्हाडावर हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी करायची हे लग्न ठरायच्या आधीच ठरलेलं होतं. पण हेलिकॉप्टर आता कुणीही आणतं. म्हणून आप्पांनी वरताण केली. नाशिकची थोरली बहीण गिताबाई, तिचा जावई आणि नातवंडं अशा नऊ जणांना आणायला करुणाच्या कंपनीचं विमान ठरवलं. मोटारीनं ती मंडळी पाच तासांत आली असती. पण 'आप्पाचे पाव्हणे इमानानं आले' हे वाक्य मोटारीतून येत नाही.

विमानाचे कॅप्टन होते खन्ना. साठीकडे झुकलेले, दिल्लीकडचे. हात सफाईचा, पण मन सगळं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे. पाटस मागे पडलं तसा जावई मागून त्यांच्या खांद्यावर वाकला.

"क्याप्टनसाहेब, जरा मांडवावरनं घ्या की. पोरांना बघायचंय. आप्पांनी खास सांगितलंय."

उतरायची धावपट्टी तिथून दोनेक मिनिटांवर होती आणि मांडव वाटेत नव्हता. खन्नांनी हसून विमान वळवलं आणि खालीही आणलं.

"सर, तिथं हेलिकॉप्टर असणार," करुणा म्हणाली.

"स्क्रीन देखो ना. कोई है?"

स्क्रीनवर कुणी नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक विमानात, हेलिकॉप्टरमध्येही, एक डबा असतो, ट्रान्सपॉन्डर. 'मी इथं आहे, इतक्या उंचीवर आहे' असं तो आपणहून सांगत असतो. टक्कर टाळायचं जे यंत्र लहान विमानात बसवतात ते त्या डब्याचं ऐकतं. कुणी जवळ आलं की पडद्यावर पिवळा ठिपका उमटतो आणि यंत्र 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणून ओरडतं. मोठ्या विमानांतलं यंत्र वर जा, खाली जा हेही सांगतं. लहानातलं तेवढं शहाणं नसतं. पण लहान असो वा मोठं, समोरच्यानं डबा बंद ठेवला तर ते आंधळं. पडदा स्वच्छ दिसतो आणि माणूस त्या स्वच्छ पडद्यावर विश्वास ठेवतो.

करुणानं ठेवला नाही. तिनं रेडिओवर दोनदा आपली जागा आणि उंची सांगितली. कुणी उत्तर दिलं नाही. मग ती पडदा सोडून काचेबाहेर बघू लागली.

आधी हेलिकॉप्टर दिसलंच नाही. दिसला तो पिवळा-केशरी ढग, त्यांच्याच उंचीवर, हवेत गरगरणारा. ढग असा नसतो एवढं कळायला लागला तेवढाच काय तो उशीर. ढगाखालून पंखा वर येत होता.

"माझ्याकडे!" ती ओरडली आणि विमान खन्नांच्या हातातून घेऊन तिनं नाक वर उचललं, डावीकडे हिसडा दिला. उजव्या पंखाखालून हेलिकॉप्टर सरकलं. उघड्या दारात गुलाबी फेटा बांधलेला माणूस पाटी धरून बसला होता. त्याचं तोंड आ वासलेलं होतं आणि त्यातला लाल रंगलेला पानाचा तोबरा करुणाला दिसला. इतक्या जवळून. दुसऱ्या क्षणी काचेवर झेंडूच्या पाकळ्या थपाथप आपटल्या आणि हवेच्या झरोक्यातून तो वास आत आला.

मागे गिताबाईंचं कपाळ पुढच्या खुर्चीवर आपटून फुटलं होतं. एक पोरगं ओकलं होतं. आणि ज्यानं मांडव दाखवा म्हटलं होतं तो जावई ओरडत होता, "आवो, बाईच्या हातात दिलं का काय इमान? असं चालवत्यात व्हय?"

खाली उतरल्यावर पाहुणे गाड्यांत बसून निघून गेले. खन्ना रुमालानं काचेवरच्या पाकळ्या पुसत राहिले. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते, पण बोलणं मात्र गुळगुळीत.

"बेटा, कुछ हुआ?"

"होता होता राहिलं, सर."

"मतलब नहीं हुआ. जो नहीं हुआ उसका रिपोर्ट क्या लिखना?"

रिपोर्ट लिहिला असता तर मांडवावर विमान का नेलं हेही लिहावं लागलं असतं. ते करुणाला कळत होतं आणि तिला कळतंय हे खन्नांना कळत होतं. त्यांनी रुमाल चुरगाळून खिशात घातला. पुसलेल्या पाकळ्यांसकट.

वैमानिकांना जेवायला बोलावलं होतं. करुणा गेली ती जेवायला नव्हे, हेलिकॉप्टरचा वैमानिक कोण ते बघायला. पंगतीच्या कडेला मल्हार बसला होता. शिरूर-घोडनदीच्या मार्केट यार्डातल्या आडत्याचा मुलगा. तिच्याच तुकडीत विमान शिकलेला, तिच्या नोट्सवर पास झालेला, नंतर हेलिकॉप्टरकडे वळलेला.

"तू होतास?"

"अगं, मीच की!" तो हसला. ताटात जिलेबी होती. "काय पलटी मारलीस! वाचलो दोघं."

"तुझा ट्रान्सपॉन्डर बंद होता."

"हळू बोल."

"का बंद होता, मल्हार?"

त्यानं बोट चाटलं. "परवानगी दोन फेऱ्यांची. आप्पांना पाच हव्यात. दोन मांडवावर, एक देवळावर, एक नव्या बंगल्यावर आणि एक चुलत्याच्या वस्तीवर."

"चुलत्याच्या कशाला? त्यांच्यात तर कोर्टकचेरी चालू आहे."

"म्हणून तर! तिथं फुलं टाकायची न्हाईत. नुसता आवाज करायचा आन् धुरळा उडवायचा. चुलत्याची वाळवणं उडाली, पार उसात. आप्पा खाली उड्या मारत हुते." तो शिरूरच्या बोलीत उतरला की खुशीत असायचा. "डबा चालू ठेवला तर पाचही फेऱ्या उमटतात, पोरंटोरंसुद्धा मोबाइलवर बघतात. म्हणून बंद. सगळेच करतात, करुणे. तू काय काल जन्मलीस?"

"मी रेडिओवर दोनदा सांगितलं."

"आवाज कमी केला होता. दुसऱ्या कानात तो शूटिंगवाला बोंबलत होता, वर घ्या, वर घ्या, सगळा मांडव फ्रेममध्ये आला पाहिजे. घेतलं वर." त्यानं दुसरी जिलेबी उचलली. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि त्यानं तो जिभेनं टिपला. "खा की काहीतरी. नऊ माणसं वाचवलीस, पुण्य लागलं तुला."

करुणा न जेवता बाहेर पडली. भीती केव्हाच ओसरली होती. उरली होती ती शिसारी. दोन हात अंतर कमी असतं तर सगळे मेले असते, खालच्या मांडवात हजारभर माणसं जेवत होती, आणि याला पाक वाया जाऊ नये याची काळजी.

घरी पोचेपर्यंत कंपनीच्या ऑफिसातून मोनिकाचा फोन आला. तिच्याकडे वैमानिकांच्या पाळ्या लावायचं काम होतं. "करुणा मॅम, सर म्हणतायत दोन दिवस आराम करा. आणि प्लीज, कुठं काही पाठवू नका. तुमची परीक्षा आहे ना पुढच्या महिन्यात? सरांनी आठवण करून द्यायला सांगितली."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पांढरी मोटार थांबली. आप्पा आले होते, बरोबर हळदीच्या अंगाचा स्वराज, हातात साडीचा खोका आणि शाल. ज्ञानदेव लगबगीनं उठले. "या, या आप्पा. आमच्या घराला पाय लागलं."

आप्पा खुर्चीवर टेकले. पार्वतीबाईंनी चहा आणला. आप्पा म्हणाले, "आत्ताच झाला." स्वराज म्हणाला, "माझाबी झालाय." दोन्ही कपांवर साय धरली.

"पोरी, तू आमच्या तालुक्याचं नाव काढलंस," आप्पा म्हणाले. "काल जे झालं ते तुझ्या हुशारीनं निभावलं. आता त्याचा बोभाटा कशाला? सुनबाई नवी हाय घरात. लोक म्हंतील, पांढऱ्या पायाची आली."

"आप्पा, हेलिकॉप्टरनं डबा बंद ठेवला होता. कुणीतरी मेलं असतं."

"पन मेलं का?"

"नाही."

"मग?" आप्पा हसले. हसताना डोळे हसत नव्हते. "हे बघ. कुनी म्हनलं की कॅप्टन चांगला चालवत हुता, पोरगी घाबरली, तिनंच इमान हिसडलं, तर? म्हननाऱ्याचं तोंड कुनी धरायचं? आधीच लोक म्हंत्यात, सवलतीतनं आलेली पायलट. मी म्हनत न्हाई हां. लोक म्हंत्यात."

खोका आणि शाल टीपॉयवर राहिली. शाल कुणी कुणाला पांघरली नाही. गाडी गेल्यावर पार्वतीबाईंनी दोन्ही कप मोरीत ओतले आणि इतक्या जोरानं घासले की एकाचा कान तुटला.

ज्ञानदेवांनी तुटलेला कान उचलून कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे करू. एक महिना कळ काढ. खुर्ची मिळू दे, मग बघ काय करायचं ते."

"आबा, लाईन क्लिअर नसताना तुम्ही गाडी सोडली असती?"

"मी न्हाई सोडली. कवाच न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पन दुसऱ्यानं सोडली तवा मी तक्रारबी केली न्हाई. म्हनून पेन्शन खातोय."

तिला वडिलांचा राग आला नाही. आयुष्यभर मान खाली घालून टिकलेल्या माणसाचं ते साधं खरं उत्तर होतं. पण त्यानं तिचं ठरलं. त्याच संध्याकाळी तिनं झालेली हकीकत लिहिली, आपला कॅप्टन वाटेवरून बाजूला गेला होता हेही लिहिलं, आणि विमान खात्याकडे पाठवून दिली. आप्पांचा खोका शालीसकट तिनं शेजारच्या पोराबरोबर मंगल कार्यालयात परत धाडला.

मग जे व्हायचं ते झालं. तिच्या पाळ्या बंद झाल्या. परीक्षा 'पुढील सूचनेपर्यंत' लांबली. चौकशीला पुण्याहून दोन अधिकारी आले. खन्नांनी सांगितलं, हेलिकॉप्टर त्यांना लांबूनच दिसलं होतं, भरपूर अंतर होतं, मुलगी गडबडली. मल्हारनं सांगितलं, डबा चालू होता, बिघडला असेल तर माहीत नाही. तिच्याकडे बघायचं टाळून तो खिडकीबाहेर बघत बोलला. जावयानं सांगितलं, मांडव दाखवा असं कुणी म्हटलंच नाही.

राहिल्या गिताबाई. विमानात त्या खिडकीशी बसल्या होत्या, बाहेरच बघत होत्या. करुणाची सगळी आशा त्यांच्यावर होती. बाई सालस दिसत होती, विमानात चढताना तिनं करुणाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली होती. कपाळावर टाक्यांची पट्टी घेऊन ती अधिकाऱ्यांसमोर बसली.

"आजी, तुम्ही काय पाहिलंत?"

गिताबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. "मला डोळा लागला हुता, साहेब."

"मग कपाळाला लागलं ते?"

"झोपेत लागलं."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. बाहेर पडताना गिताबाई करुणाजवळून गेली आणि पदराआडून पुटपुटली, "माहेर तुटतंय गं बाई." करुणानं मान फिरवली. त्या पुटपुटण्याची तिला आप्पांच्या धमकीपेक्षा जास्त किळस आली. धमकी निदान मोठ्या आवाजात होती.

चौघांच्या तोंडी एक आणि हिच्या एकटीच्या तोंडी दुसरं. हेलिकॉप्टरनं डबा बंद केल्यावर मागं काहीच उरलं नव्हतं, आणि बंद करण्यामागचा हेतूही तोच. अधिकाऱ्यांपैकी थोरला तिला म्हणाला, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण विश्वासावर निकाल देता येत नाही."

पंधरवड्यानं खुटबावहून चुलतभाऊ संघर्षचा फोन आला. "ताई, मोबाइल बघ. हे तुझंच इमान का गं?"

स्वराजच्या लग्नाचा व्हिडिओ होता. सून पाटावर बसलेली, आप्पा हात जोडून येणारे, ढोल-ताशे. मग हेलिकॉप्टरच्या आतून घेतलेलं दृश्य. गुलाबी फेटेवाला पाटी उपडी करतो, पाकळ्या उडतात, मांडव खाली खाली जातो, आणि एकदम वरून पांढरं विमान चौकट भरून अंगावर येतं. इतकं जवळ की काचेमागचे दोन चेहरे दिसतात, एक बावचळलेला आणि एक तिचा. जुळवणाऱ्यानं तेवढा तुकडा संथ करून तीनदा फिरवला होता. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'आप्पांचा नाद करायचा न्हाय!' खाली निम्म्या तालुक्याच्या टाळ्या आणि बदामाची चित्रं. एकानं लिहिलं होतं, 'खर्च किती आला असंल दोन इमानं नाचवायला?'

चौकशीत जे घडलंच नाही असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, तेच त्यांनी हौसेनं गावभर वाटलं होतं. त्यांना कुणी पकडलं नाही. पकडलं ते त्यांच्या मिरवण्यानं. करुणाला आनंद व्हायला हवा होता. तिनं व्हिडिओ थोरल्या अधिकाऱ्याला पाठवला, मग मोरीत जाऊन ओकली.

निकाल लागला. मल्हारचा परवाना काही काळासाठी गेला, खन्नांचाही. कंपनीची उड्डाणं थांबली, म्हणजे करुणाचं कामही गेलं. तिनं दुसऱ्या कंपन्यांना विचारलं. गोड बोलून सगळे नाही म्हणाले. मोनिकानं एकदा फोन करून खरं सांगितलं, "मॅम, तुमचं नाव निघालं की सगळे म्हणतात, ती तक्रारवाली." मल्हारनं एकच निरोप पाठवला, "झालं समाधान?" तिनं तो पुसून टाकला. डावी खुर्ची जिथं होती तिथंच राहिली, तिच्यावाचून.

पेपरात मात्र तिचा फोटो आला. 'प्रसंगावधानाने नऊ प्रवाशांचे प्राण वाचवणारी दौंडची कन्या.' ज्ञानदेवांनी ते पान जपून घडी घातलं. आणि मग एका सकाळी ते बाजारातून उजळलेल्या चेहऱ्यानं आले.

"करू, भांडगावच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय म्हनं! एवढा मोठ्ठा!"

ती त्यांच्या मागे स्कूटरवर बसून गेली. फाट्यावर आप्पांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मधोमध आप्पा, जाकीट आणि गॉगल. खाली शुभेच्छुकांची चिल्लर तोंडं, त्यात जावईसुद्धा. आणि आप्पांच्या खांद्याशी, जणू त्यांनीच वाढवलेली लेक, असा करुणाचा पेपरातला फोटो. 'आप्पांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली आमच्या मातीतली वाघीण, कॅप्टन करुणाताई ओहोळ.'

कॅप्टन.

ती तो एक शब्द वाचत उभी राहिली. ज्ञानदेव बाजूला हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. लेकीकडे बघितल्यावर त्यांचं हसू हळूहळू विझलं.

शेजारी गेणबाची फळांची गाडी होती. करुणा म्हणाली, "मामा, सुरी द्या जरा."

"कशाला गं? कलिंगड कापू का?"

"मीच कापते."

स्टूलही तिनं गेणबाचंच घेतलं. ती चढली तसं स्टूल डुगडुगलं. ज्ञानदेवांनी आजूबाजूला पाहिलं. चहाच्या टपरीवर आप्पांची दोन पोरं बसली होती. ज्ञानदेव पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"ओ ताई! काय करताय? तुमचाच फोटू हाय त्यो!" टपरीवरचा एक उठला.

"म्हणूनच नेतेय," ती म्हणाली.

तिनं आपल्या चेहऱ्याभोवती चार बाजूंनी सुरी फिरवली. त्या एका शब्दावरूनही फिरवली. प्लास्टिक चरचरत फाटलं. पोरगं फोनवर कुणाला तरी सांगत होतं, "आप्पा, ती वर चढलीया... व्हय, सोताच... कापतीया..."

तुकडा निघाला. आप्पांच्या खांद्याशी चौकोनी भोक पडलं आणि त्यातून खालचा जुना फ्लेक्स दिसू लागला. मागच्या निवडणुकीत आप्पांनी ज्याला पाडलं होतं त्या उमेदवाराच्या अर्ध्या मिशा आणि पुढचे चार दात. नेमके आप्पांच्या कानाला लागून हसणारे.